कै. रमाबाई रानडे : एका घराचे सदन झाले त्याची हकिकत

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, हा परिपाठ वाचकांस ठाऊक आहे. आजवर या पानांवर आलेली चरित्रे बहुतेक पुरुषांचीच होती, आणि त्यांपैकी बरीचशी ज्ञातीतील कर्त्या मंडळींची होती. यंदा आम्ही हे दोन्ही संकेत मोडीत आहोत. कै. रमाबाई रानडे या आपल्या ज्ञातीच्या नव्हत, आपल्या प्रांताच्याही नव्हत. कृष्णाकाठच्या मुलखात त्या जन्मल्या आणि पुण्यास त्यांनी देह ठेवला. तरीही त्यांच्या चरित्राकडे आम्हांस वळावे लागले, त्याचे कारण घरचेच आहे.

खापर येथील ज्ञातिभवनाच्या नकाशावर गतवर्षीपासून खल चालू आहे. त्या नकाशात पुरुषांची बैठक आहे, भोजनगृह आहे, मुदपाकखाना आहे, भांड्यांची कोठी आहे, आणि वऱ्हाडासाठी चार खोल्याही आहेत. स्त्रियांसाठी म्हणून एकही जागा नाही. स्वयंपाकघर त्यांचेच नव्हे काय, असे एका सभासदांनी सुचविले, आणि ते थट्टेने नव्हे. आमच्या गावी स्त्रिया एकत्र जमत नाहीत असे नाही. भजन असते, संक्रांतीचे हळदीकुंकू असते, अधिक मासातील पोथी असते, अलीकडे बचत गटही आहे. परंतु हे सारे कोणाच्या तरी ओट्यावर चालते. त्या घरी लग्न निघाले की भजन बंद पडते. सून बाळंत झाली की पोथी दुसऱ्या आळीत जाते. गटाची वही एका घरी, पेटी दुसऱ्या घरी आणि किल्ली तिसऱ्या घरी अशी स्थिती असते. स्त्रियांच्या मंडळास स्वतःची जागा लागते की नाही, हा प्रश्न काही खापरात प्रथम निघालेला नाही. तो सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईंनी आपल्या परीने सोडविला. ती कथा अशी आहे.

रमाबाईंचे माहेर कुर्लेकरांचे. सातारा प्रांतातील, आताच्या सांगली जिल्ह्यातील, देवराष्ट्रे या गावी २५ जानेवारी १८६२ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरी चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे होते, नुकतीच त्यांची प्रथम पत्नी वारली होती, आणि विधवाविवाहाचे ते नामांकित पुरस्कर्ते होते. ते आता एखाद्या विधवेशी विवाह करतील अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती, आणि नेमकी तीच भीती त्यांच्या वडिलांस होती. वडिलांच्या आग्रहापुढे मुलाने मान तुकविली. या विवाहाबद्दल रानड्यांवर पुष्कळ टीका झाली, ती अगदीच अनाठायी होती असे आम्हांस म्हणवत नाही. मात्र जी मुलगी अशा रीतीने घरात आली, तिला त्यांनी अज्ञानात ठेवले नाही, एवढे त्यांच्या पदरी घातलेच पाहिजे.

सासरी आल्यावर पतीनेच त्यांस मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मराठी वाचता येऊ लागले तसे घरात वादळ उठले. रानड्यांच्या घरी वडीलधाऱ्या स्त्रियांचा मोठा गोतावळा होता, आणि त्यांत विधवा नणंदेचा शब्द विशेष चाले. दिवसभर सासुरवास सोसावा, कामे उरकावीत, बोलणी ऐकून घ्यावीत, आणि रात्री पतीपाशी पाठ म्हणावा, असा त्यांचा क्रम होता. पुढे इंग्रजी शिकविण्यासाठी हरफर्ड नावाच्या युरोपियन बाई पुण्यास घरी येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याजवळ बसल्याचा विटाळ मानून रमाबाईंस धड्यानंतर स्नान करावे लागे. आजच्या वाचकांस हे विचित्र वाटेल. आमच्या आजीच्या पिढीतील स्त्रियांस वाटले नसते.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकास झाली. तेथे घरातील वडील मंडळींची देखरेख थोडी सैल होती, आणि मुलींच्या शाळेच्या समारंभाच्या निमित्ताने रमाबाई प्रथमच चार लोकांपुढे बोलल्या. पतीने लिहून दिलेले ते छोटेसे भाषण होते. पुढच्याच वर्षी त्यांचे खानदेशात येणे झाले. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरलेले होते, आणि रानड्यांच्याविषयी संशय धरून त्यांची तातडीने धुळ्यास रवानगी झाली. धुळे त्या काळी अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. आपला अक्कलकुव्याकडील मेवासी मुलूखही त्याच जिल्ह्याच्या टोकाशी मोडे. तेथे रानड्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. बंडवाल्यांच्या नावाने त्यांस बनावट पत्रे येत, आणि ती ते पोलिसांकडे तशीच पाठवून देत. सतरा वर्षांच्या रमाबाईंनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करावी. आम्हां खानदेशच्या लोकांस या गोष्टीचा काहीसा विसर पडलेला आहे. म्हणून येथे मुद्दाम नोंदविली.

पुण्यास परतल्यानंतरचा काळ आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाज स्थापन झाला. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवावयाची सभा ही पुण्यास नवलाई होती. पुण्यातील सुधारकांच्या घरच्या स्त्रिया तीत जाऊ लागल्या, त्यांत रमाबाई रानडेही होत्या. परंतु सभेला स्वतःचे घर नव्हते. ती भरे ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात. आणि दिवाणखाना जरी घरधन्याचा असला, तरी माजघर घरातल्या सासवांचे व नणंदांचे असे. सभेस जाणारी सून उंबरठा ओलांडून बाहेर पडे तेव्हा, आणि सभा आटोपून परत उंबरठ्यात येई तेव्हा, तिला दोन्ही वेळा जाब द्यावा लागे. रमाबाईंच्या वाट्यास हे पुरेपूर आले. पती अनुकूल, घर प्रतिकूल, अशा स्थितीत त्यांनी उलट उत्तर न देता सभेस जाणे चालू ठेवले. ही सोशिकता काहींस दुबळेपणाची वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरात राहावयाचे तेथील माणसे तोडून चालत नाही, हे संयुक्त कुटुंबात नांदलेल्या कोणत्याही स्त्रीस सांगावे लागत नाही.

पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून रानडे, भांडारकर, वेडरबर्न प्रभृतींनी खटपट चालविली होती. त्या संबंधात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाईंनी इंग्रजीतून मागणी वाचून दाखविली. सप्टेंबर १८८४ मध्ये हे हायस्कूल सुरू झाले. तेच पुढे हुजूरपागेची शाळा म्हणून महाराष्ट्रभर नावारूपास आले. भर सभेत परपुरुषांपुढे इंग्रजी वाचणाऱ्या सुनेचे घरी कसे स्वागत झाले असेल हे सांगावयास नको.

या स्मरणिकेचे वाचक ज्ञातीच्या कारभाराशी परिचित असल्यामुळे आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करतो. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये जी मंडळी चहास गेली, त्यांत रानडे होते. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले. वाद दोन वर्षे चालला आणि अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांस त्याबद्दल दूषण दिले आणि सनातन्यांचेही पुरते समाधान झाले नाही. बहिष्काराचा भार पुरुषांच्या सभेत चर्चिला जातो, परंतु तो प्रत्यक्ष वाहतात त्या घरातील स्त्रिया. पंक्तीस कोण येणार नाही, श्राद्धास ब्राह्मण मिळेल की नाही, हळदीकुंकवाचे बोलावणे चुकेल की काय, ही चिंता त्यांची. ज्ञातिसंस्थांच्या जुन्या ठरावबुकांत असे ठराव आहेत. त्यांखाली एकाही स्त्रीची सही आमच्या पाहण्यात नाही.

१८९३ साली रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती होऊन मुंबईस गेले आणि रमाबाईंच्या कार्यास मोकळे मैदान मिळाले. तेथील आर्य महिला समाजाचे काम त्यांनी अंगावर घेतले, आणि त्याच काळात हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब स्थापन केला. नाव इंग्रजी वळणाचे, पण काम घरगुती वळणाचे होते. भाषा, सामान्य ज्ञान, शिवण, हातकाम यांचे वर्ग या क्लबातर्फे निघाले. पुरुषांच्या क्लबात पत्ते, बिलियर्ड व गप्पा असत. स्त्रियांच्या क्लबास मात्र कोणी नावे ठेवू नयेत म्हणून शिवणाची सुई पुढे करावी लागे. हे आम्ही काहीशा विनोदाने लिहितो आहो. तथापि सुई ही नुसती सबब नव्हती. तिच्या आश्रयाने स्त्रिया घराबाहेर पडू शकत, एकमेकींची सुखदुःखे ऐकत, वाचीत, आणि हळूहळू चार जणींत उभे राहून बोलण्यासही शिकत.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्या मुंबई सोडून पुण्यास, मंडईनजीकच्या आपल्या जुन्या घरी येऊन राहिल्या. वर्षभर त्यांनी बाहेरच्या जगाशी जवळजवळ संबंधच ठेवला नाही. विधवेने कोपऱ्यात बसावे ही रूढीची अपेक्षा होती, आणि शोकही खरा होता. त्यामुळे त्या तशाच बसून राहिल्या असत्या तर कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु त्या उठल्या. पुण्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री कैद्यांस भेटण्यास जाऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस सामाजिक परिषदेच्या वेळी भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १९१० मध्ये पतीच्या सहवासातील आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला नामदार गोखल्यांची प्रस्तावना आहे, आणि मराठी स्त्रीच्या आत्मचरित्रांत ते अग्रगण्य मानले जाते.

१९०८ साली बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ आणि दयाराम गिदुमल हे सिंधी गृहस्थ एक योजना घेऊन त्यांच्याकडे आले. निराधार व गरजू स्त्रियांस आसरा द्यावा, विद्या द्यावी, आणि परिचारिकेचे शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करावे, अशी ती योजना होती. त्यातून मुंबईचे सेवासदन निघाले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्या वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ रोजी, पुण्यास सेवासदनाचा आरंभ झाला. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीस होते. प्रश्न उभा राहिला तो जागेचा.

रमाबाईंनी आपले घर दिले.

हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. ते घर कोणते होते हे वाचकांनी लक्षात घ्यावे. ज्या कुटुंबात मराठी वाचल्याबद्दल बोलणी खावी लागली, इंग्रजीच्या धड्यानंतर स्नान करावे लागले, सभेहून परतताना ज्याच्या उंबरठ्याशी पाय जड होत, त्याच कुटुंबाच्या वास्तूत आता परक्या स्त्रिया पाट्या-पुस्तके घेऊन येऊ लागल्या. सोवळे-ओवळे सांभाळणाऱ्या वाड्यात नाना जातींच्या स्त्रिया बसू लागल्या, कारण सेवासदनाचे दार जात वा धर्म न पाहता उघडे ठेवलेले होते. रमाबाईंनी वर्गणी जमविली असती, भाड्याची जागा पाहिली असती, तरी संस्था निघालीच असती. परंतु पुण्यातील आईबापांनी आपल्या लेकी-सुना, विशेषतः विधवा, भाड्याच्या जागी पाठविल्या असत्या काय? न्यायमूर्तींच्या घरी पाठविण्यास मात्र ते तयार झाले. घराच्या अब्रूने संस्थेस अब्रू मिळवून दिली. प्रौढ स्त्रियांस घरकामातून जो वेळ मोकळा मिळे, तो धरून वर्ग चालत.

सर्वांत कठीण काम परिचारिकांचे होते. रुग्णाची सुश्रूषा म्हणजे परपुरुषाचा स्पर्श, मलमूत्र, मृत्यू व सर्व जातींचा संपर्क; प्रतिष्ठित घरच्या स्त्रीने हे करावे ही कल्पनाच लोकांस सहन होत नव्हती. आरंभी ज्या काही तरुण विधवा ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी जाऊ लागल्या, त्यांची समजूत घालणे, त्यांच्या नातलगांची समजूत घालणे, आणि पुण्यातील निंदकांस तोंड देणे, ही तिन्ही कामे रमाबाईंची होती. आज आपल्या ज्ञातीतील किती तरी मुली नर्सिंगची परीक्षा उत्तीर्ण होऊन सुरतेस व नाशिकास नोकरी करीत आहेत आणि त्यांचे फोटो याच स्मरणिकेत अभिनंदनाच्या सदरात छापलेले आहेत. या वाटेवर पहिले काटे कोणी तुडविले ते त्यांस ठाऊक असावे.

सेवासदनाच्या एका वार्षिक संमेलनाचा प्रसंग सांगितला जातो. बक्षीस घेण्यासाठी केशवपन केलेली, लाल लुगड्यातील एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर आली. सज्जात कॉलेजचे विद्यार्थी बसलेले होते. त्यांनी हुर्यो केली. समारोपास उठल्यावर रमाबाईंनी त्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. तुम्ही शिकलेले म्हणविता, आणि जिच्यासारखी एखादी बहीण वा आत्या तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे, तिचीच थट्टा करता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सज्जा चिडीचूप झाला म्हणतात. ज्या बाई तरुणपणी घरातल्या बोलण्यांस उलट शब्द उच्चारीत नसत, त्याच या. इतक्या वर्षांत एवढे बळ त्यांच्या अंगी कोठून आले, असा प्रश्न आम्हांस पडला. आम्हांस वाटते, त्या सभागृहात त्या कोणाच्या दिवाणखान्यात पाहुण्या म्हणून आलेल्या नव्हत्या. ती संस्था त्यांची होती आणि ती मुलगी त्यांच्या घरची होती.

१९१५ साली पुणे सेवासदन स्वतंत्र संस्था म्हणून नोंदले गेले. शिक्षिकांचे अध्यापन विद्यालय, वसतिगृहे, वैद्यकी व परिचर्या शिकणाऱ्या मुलींची सोय, शिवणाचे व हस्तकलेचे वर्ग असा विस्तार होत गेला. बाहेरच्या चळवळींतही रमाबाई मागे राहिल्या नाहीत. पुण्याच्या नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला आणि ती सक्ती मुलांपुरतीच ठेवण्याचा बेत दिसला, तेव्हा मुलींचाही समावेश व्हावा म्हणून स्त्रिया रस्त्यावर आल्या, त्यांच्या अग्रभागी रमाबाई होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्यांनी खटपट केली, आणि १९२१ साली मुंबई कायदेमंडळाने तो अधिकार मान्य केला.

१९२४ च्या एप्रिलात रमाबाई कालवश झाल्या. त्या वेळी पुणे सेवासदनाच्या विविध शाखांतून हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. सोलापूर व नागपूर येथेही याच नावाच्या संस्था उभ्या राहिल्या. नागपूरची १९२७ साली रमाबाई तांबे यांनी काढली. १९६२ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. २०१२ साली दूरचित्रवाणीवर त्यांच्या जीवनावर मालिका लागली आणि खापरासारख्या गावातही संध्याकाळी घरोघरी त्यांचे नाव पोचले. खरे सांगावयाचे तर आमच्याकडील पुष्कळ स्त्रियांनी रमाबाईंस प्रथम ओळखले ते त्या मालिकेतूनच. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर सेवासदन आजही आहे, आणि तेथील चौकासही त्याचेच नाव पडले आहे. खरेदीच्या गर्दीत त्या चौकातून जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करून पाहतात, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही स्वतः लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी दोन वेळा त्या चौकातून गेलो आणि दोन्ही वेळा पाहिले नाही.

आता पुन्हा खापराकडे. बाहेरगावच्या सभासदांसाठी सांगतो की, आमचे गाव अंकलेश्वरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुजरातच्या सीमेलगत आहे. बाजारात मराठी, अहिराणी, गुजराती आणि वसावी भिलांची बोली अशा चारी भाषा कानी पडतात. आमच्या स्त्रिया या चारींत व्यवहार करतात, दुकानाच्या गल्ल्यावर बसतात, आणि खापरावरची पुरणपोळी हातावर मोठी करून पसरतात ती पाहण्यास पाहुणे थांबतात. बँकेत गटाचे खाते त्याच चालवितात. अशा स्त्रियांस जमण्यासाठी एक खोली हवी आहे. त्यांनी मंडळाकडे अर्ज दिला त्यात मागणी फार नाही : एक खोली, तिला स्वतंत्र दार, एक कपाट, आणि किल्ली त्यांच्याकडे. दाराचा मुद्दा आमच्यापैकी काहींस प्रथम कळला नव्हता. भोजनगृहातून वाट असली म्हणजे झाले, असे आम्हांसही वाटले होते. रमाबाईंचे चरित्र वाचताना उंबरठ्याचा प्रश्न ध्यानी आला, आणि मग त्या अर्जातील ती ओळ आम्ही पुन्हा वाचली.

नकाशात भांड्यांची कोठी पूर्वेस रस्त्याच्या बाजूला दाखविली आहे. ती मागच्या पडवीत हलविल्यास पूर्वेची खोली मोकळी होते आणि रस्त्याकडे दार काढता येते, असे गवंड्याचे म्हणणे आहे. भांडी मागे ठेवल्यास चोरीस जातील, ही हरकत आली आहे. पुढील सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर आहे. सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.